गुत्त्याने घेतलेलं दुखणं

धानाच्या रोवणीचे दिवस आले की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी हिरव्यागार बांध्यांची, म्हणजे भातखाचरांची, आणि साचलेल्या पाण्यात उतरलेल्या आभाळाची वाट बघत बसायला नको. बांध्या हिरव्या होतात, आभाळ उतरतं, बगळेही येतात. माझी त्याला काही हरकत नाही. पण गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या आमच्या घरासमोरून सकाळपासून लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर खडखडत जातात, रस्त्याचा चिखल होतो, त्या चिखलात माझी स्कूटी फसते, गोंदियाच्या कॉलेजात माझा वर्ग अर्धा रिकामा असतो कारण पोरी आईबरोबर रोवणीला गेलेल्या असतात, आणि घरात आमचे डॉक्टर जेवणाचं ताट समोर ठेवून फोनवर कोणाच्या तरी पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांची चौकशी करत असतात. वरण निवतं. वरणावर साय धरते. मी बघत राहते.

'आमचे डॉक्टर' म्हणजे माझा नवरा. चारचौघांत मी त्यांना 'अहो' म्हणते, मनातल्या मनात 'डॉक्टर'. ही सवय ते गोंदियातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला होते तेव्हा लागली, कारण त्या काळात घरी येत असे तो माणूस डॉक्टरच होता, नवरा वाटेत कुठेतरी गळून पडलेला असायचा. मी काही बोलले की ते माझ्याकडे बघत, पण माझ्या मागे एखादा कॉम्प्युटर आहे आणि त्यावर काहीतरी उमटायचं बाकी आहे, असं बघत. एकदा मी विचारलं, अजून वरण वाढू का? ते म्हणाले, अप्रूव्हल आलं का? मी पळी हातात धरून उभी राहिले. त्यांना स्वतःला हसू आलं नाही, म्हणून मलाही आलं नाही.

त्या हॉस्पिटलचं नाव मी घेत नाही, घेण्यात अर्थही नाही, तशी पुष्कळ आहेत. रोगी आला की आधी त्याचं कार्ड आत जायचं, मग रोगी. मग दूर कुठल्या शहरातून विमा कंपनीचा एक मुलगा फोन करून विचारायचा की या बाईला भरती कशाला केलं, गोळ्यांवर भागलं नसतं का. मग वरच्या मजल्यावरचे साहेब विचारायचे की तिला इतक्या लवकर घरी कशाला सोडलं, पलंग रिकामा पडलाय. या दोघांना उत्तरं देण्यात दिवस जायचा. त्या बाईला काय होतंय हे विचारायला जो वेळ उरायचा त्यात ती चप्पल घालून उठलेली असायची. संध्याकाळी अंगणात गाडी येऊन थांबायची, इंजिन बंद व्हायचं आणि दार उघडायचं नाही. डॉक्टर आत बसून राहायचे, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत. मी खिडकीतून बघायचे. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, तरी ते बसलेलेच. तो बंद गाडीत बसलेला माणूस मला कोणत्याही आजारापेक्षा भीतीदायक वाटायचा.

मग एका उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली. कुठेतरी वाचलं होतं म्हणे, परदेशात थकलेले डॉक्टर असं करतात. मध्ये विमा कंपनी नाही, कार्ड नाही, दर वेळचं बिल नाही. एका घराने वर्षाचं एकदाच काय ते द्यायचं, आणि वर्षभर ते घर त्या डॉक्टरचं. कधीही या, कधीही फोन करा. डॉक्टरने मोजकीच घरं घ्यायची, म्हणजे प्रत्येकासाठी वेळ राहतो. ऐकायला फार सुंदर होतं. कागदावरच्या सगळ्याच गोष्टी मला सुंदर वाटतात, मी मराठी शिकवते.

गाव त्यांनी निवडलं दवनीवाडा. तिथे बिसेनकाकांनी रस्त्यालगतच्या आपल्या दोन खोल्या दिल्या. बिसेनकाका म्हणजे धानाची भरपूर शेती, खांद्यावर दुपट्टा, आवाज असा की घरात बोलले तर बसस्टॉपवरचा माणूस वळून बघेल, आणि रक्तदाब त्या आवाजाला शोभेल असा. त्यांच्याच ओसरीवर गावातली माणसं जमली आणि डॉक्टरांनी आपली योजना समजावून सांगितली. अर्धा तास सांगितली. सगळे गंभीर तोंड करून ऐकत होते. मग बिसेनकाकांनी दुपट्टा एका खांद्यावरून दुसऱ्यावर टाकला आणि म्हणाले, "म्हंजे गुत्ता."

डॉक्टरांना इतका आनंद झाला की काय सांगू. म्हणाले, हो, गुत्ताच समजा. मी त्यांना कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता. सगळ्या ओसरीचा चेहरा मोकळा झाला. च्या आला.

आता गुत्ता म्हणजे काय, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रोवणी रोजाने करून घेता येते, नाही तर गुत्त्याने, म्हणजे उक्ती रक्कम ठरवून. रोजाने असेल तर मालकाला दिवसभर छत्री घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेच्या पाळीवर, उभं राहावं लागतं. गुत्त्याने दिली की अख्खी बांधी त्या बायांच्या टोळीची. कशी रोवायची, किती वाजता उतरायचं, कधी बाहेर निघायचं, त्या बघतील. मालकाने घरी जाऊन झोपावं. संध्याकाळी येऊन एवढंच बघायचं की कुठला कोपरा रिकामा राहिला नाही. राहिला तर गुत्ता पुरा झाला नाही.

डॉक्टरांच्या परदेशी योजनेचा गावाने हा असा अर्थ लावला, आणि त्यात गावाची काही चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. घरातलं सगळं दुखणं डॉक्टरला गुत्त्याने दिलं. आता ते डॉक्टर बघतील. आपण घरी जाऊन झोपावं.

त्या वर्षीची रोवणी मला तिच्या वासासकट आठवते. सडलेल्या पानांचा, डिझेलचा आणि प्लास्टिकच्या ओल्या पन्नीचा वास. त्या दोन खोल्यांत डोक्यावर पन्नी घेतलेल्या बाया दाटीवाटीने बसलेल्या असत, त्यांच्या पन्न्यांवरून पाणी ओघळून फरशीवर तळं साचत असे, आणि रविवारी मदतीला म्हणून गेलेली मी फडकं घेऊन ते पुसत असे. ठरलं होतं मोजक्या घरांचं. पण घर म्हणजे कोण? गावाचं उत्तर सोपं होतं, एका चुलीवर जेवतात ते. मग रोवणीसाठी बालाघाटकडून आलेली कोणाची मेहुणी त्याच चुलीवर जेवते, तीही आली. तिची लेकरं आली. एके दिवशी बिसेनकाकांनी आपल्या शेतातली अख्खी टोळी चिखल्या दाखवायला पाठवून दिली, का, तर आज त्यांचं जेवण आपल्या घरून गेलं होतं. एकाने बैल आणला. तो बाहेरच उभा राहिला, एवढीच त्याची माणुसकी.

आणि दुखणं राहतंच कसं, हा प्रश्न तर रोजचा. ताप काल होता आणि आजही आहे, म्हणजे कोपरा रिकामा राहिला. सुई नको म्हणालात, सलाईन नको म्हणालात, मग गुत्ता घेऊन तुम्ही करता काय? डॉक्टर प्रत्येकाला समजावून सांगत. घसा बसेपर्यंत सांगत. समोरचा मान डोलवत ऐकून घेई आणि शेवटी विचारी की मग सुई कधी देता.

सगळ्यांत वर बिसेनकाका. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या घेणंच सोडून दिलं. पूर्वी गोंदियाच्या डॉक्टरकडून आणून विसरत-आठवत का होईना घेत असत. आता कशाला? दिलंय ना गुत्त्याने. दर आठवड्याला दंडाला पट्टा बांधून घ्यायचे, आकडा विचारायचे आणि हताश तोंड करून म्हणायचे, "गुत्ता घेतला न तुमी डॉक्टरसाहेब, मंग माही बीपी काऊन रायली?" जणू काही बीपी डॉक्टरांच्या टोळीच्या हलगर्जीपणामुळे राहिली होती.

मी वैतागले होते, पण माझ्या वैतागाचं सोडा, तो मला जन्मजात आहे. डॉक्टर वैतागायला लागले. सुरुवातीला घरी येऊन हसत हसत सांगायचे, सात्या आणि वास्त्यांच्या पिशव्या माझ्या हातात द्यायचे. रानातली ती अळंबी आणि बांबूचे कोंब लोक कौतुकाने आणून देत. मग पिशवी ओट्यावर ठेवून न बोलता हात धुवायला जाऊ लागले. आणि भर श्रावणातल्या एका संध्याकाळी गाडी अंगणात आली, इंजिन बंद झालं, आणि दार उघडलं नाही.

मी खिडकीत उभी होते. नोकरी सोडली, कंपनी सोडली, साहेब सोडले, आणि तो गाडीतला माणूस तरीही घरी परत आला. म्हणजे औषधच चुकीचं होतं? त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या मॅनेजरचा फोन आला. जागा अजून रिकामी आहे, महिनाअखेरपर्यंत सांगा. डॉक्टर मला म्हणाले, विचार करतो. ज्या अर्थी विचार करतो म्हणाले त्या अर्थी जाणार, हे मला कळलं. आणि खरं सांगायचं तर मला राग कोणाचा यावा हेही कळेना.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं दवनीवाड्याला निघालो होतो. गावाच्या अलीकडेच बिसेनकाकांची बांधी आहे. बघतो तर त्यांच्या गुत्त्याची टोळी धुऱ्यावर रांगेने बसलेली, डोक्यावर पन्न्या, पाय बांधीच्या पाण्याबाहेर. पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या शेजारी पडलेल्या. बिसेनकाका समोर उभे राहून आरडाओरडा करत होते आणि बाया शांतपणे तंबाखू मळत होत्या. डॉक्टरांनी गाडी थांबवली. कळलं ते असं की काकांनी चिखलणी घाईत उरकली होती, बांधीत ढेकळं तशीच होती, त्यात पऱ्हं धरलं नसतं. घरून च्याची किटली आली. एकीनेही घेतला नाही. धुऱ्यावर बसलेली टोळी मालकाचा च्या पीत नाही, ही रीत मला तिथे कळली. टोळीची पुढारीण देवकाबाई एवढंच म्हणाली, "चिखल तुमचा, पऱ्हा तुमचा, हात आमचे. आंदी तुमचं करा जी."

आणि मग मुकाट बसली. येणारे-जाणारे थांबून बघत होते. टोळी धुऱ्यावर बसली म्हणजे मालकाची सगळ्या गावात शोभा. बिसेनकाकांनी इकडे तिकडे बघितलं, आवाज खाली आला, आणि थोड्या वेळाने ट्रॅक्टर बांधीत उतरला.

डॉक्टर स्टिअरिंगवर हात ठेवून बघत होते. मला ते हात बघवेनात. ते पुटपुटले, या माणसाने महिनाभर एक गोळी घेतलेली नाही, कधीतरी त्या धुऱ्यावरच पडेल. आणि माझा इतक्या महिन्यांचा वैताग एकदम तोंडातून बाहेर पडला. म्हटलं, मग मला काय सांगता, तुम्हीही जाऊन बसा त्यांच्या धुऱ्यावर.

मी रागाने बोलले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडेच, मागच्या कॉम्प्युटरकडे नाही.

दुपारी बिसेनकाका जेवायला घरी आले तर डॉक्टर त्यांच्या ओसरीच्या पायरीवर बसलेले. दवाखान्याच्या खोल्या बंद, बॅग बंद, मी बाजूला अवघडून उभी. काका म्हणाले, आत चला, जेवा. डॉक्टर म्हणाले, नाही. काकू च्या घेऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, नको. मग काकांनी विचारलं, "कायले बसून राहिले जी असे?"

"धुऱ्यावर बसलोय," डॉक्टर म्हणाले.

काकांना समजावून सांगावं लागलं नाही. चेहरा लाल झाला. गुत्ता घेतलाय तर गोळ्या माझ्या डोक्यावर कशाला, असं बरंच काही त्या प्रसिद्ध आवाजात म्हणून झालं. डॉक्टरांनी एकदाच सांगितलं की हात माझे आहेत, चिखल तुमचा, आणि गप्प बसले. रस्त्यावर माणसं जमायला लागली. ओसरीवर डॉक्टर बसलाय आणि च्या पीत नाही, हे कोणाच्याही घराला बरं दिसत नाही. काका आत जाऊन जेवायला बसले. काकूंनी जाऊन त्यांच्या ताटातलं लोणचं उचललं. मग पापड उचलला. भर रोवणीच्या दिवसात नवऱ्याच्या ताटाला हात घालण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. मॅनेजर होते, आज उत्तर हवं होतं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता नाही बोलता येणार, मी धुऱ्यावर बसलोय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, बहुधा हा कुठला वॉर्ड म्हणून, आणि डॉक्टर हसले. नुसते ओठांनी नाही, खांदे हलेपर्यंत हसले. हा आवाज घरात शेवटचा कधी ऐकला होता ते मला आठवेना. मला रडू आलं आणि रडायला आलं म्हणून रागही आला.

बिसेनकाकांनी गोळी घेतली ती सूर्य कलल्यावर, सगळ्यांदेखत, शत्रूला गिळावं तशी. मग डॉक्टरांनी च्या घेतला. तो पार निवलेला होता.

एवढ्याने सगळं ठीक झालं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सुई मागणारे आजही सुई मागतात. आणि माझ्या मनात एक कुसळ राहिलंच आहे. एक डॉक्टर त्या मोठ्या इमारतीतून सुटून आला, मोजक्या घरांना मिळाला, पण तिथल्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचं काय? ती अजूनही कार्ड हातात घेऊन उभी असेल आणि तिच्यापुढचा डॉक्टर अजून थकलेला असेल. ज्यांना वर्षाचं देणं जमत नाही त्यांनाही आमचे डॉक्टर तपासतातच, पण एका माणसाला असे किती पुरणार. मी हे विचारते तेव्हा ते म्हणतात, सगळं शिवार मी एकटा कसं रोवणार. उत्तर बरोबर आहे. मला त्याने समाधान होत नाही.

एक मात्र मला पटलंय. ते कामाने थकलेच नव्हते. काम तर दवनीवाड्यातही ढीगभर होतं. ते थकले होते समोरच्या माणसाशी आपलं काही नातंच नाही, या गोष्टीने. हॉस्पिटलात मध्ये कंपनी बसली होती. गावात मध्ये कोणी नव्हतं, तर गाव सगळं त्यांच्यावर टाकून झोपायला गेलं होतं. दोन्हीकडे ते एकटेच होते. त्या ओसरीवर पहिल्यांदा दुसरं कोणीतरी त्यांच्याबरोबर चिखलात उतरलं, ते कितीही लाल चेहऱ्याने का असेना.

आणि आता या वर्षीचं. या उन्हाळ्यात डॉक्टरांना स्वतःला रक्तदाब निघाला. दवनीवाड्यातल्या प्रत्येक घराला गोळीची वेळ पाठ करून घेणारा हा माणूस स्वतःची गोळी खिशात घालतो, खिसा धुवायला टाकतो आणि मला विचारतो की कपड्यांवर पांढरं काय आहे. घरं मोजकी राहिलेली नाहीत, कारण नाही म्हणायला ते कुठे शिकले आहेत? आषाढ सरला, रोवणी जोरात आली, ताटं निवायला लागली. परवा संध्याकाळी गाडी अंगणात आली आणि दार उघडलं नाही.

काल दुपारी बिसेनकाकांचा घरच्या फोनवर फोन आला, गुडघ्याचं विचारायला. डॉक्टर नव्हते. काका बिचारे साधं विचारत होते की कसं काय चाललंय मॅडम, आणि मी सगळं ओकले. गोळ्यांचं, वरणाचं, गाडीचं. काकांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. गुडघ्याचं राहूनच गेलं.

आज सकाळी दार उघडलं तर ते आमच्या पायरीवर बसलेले. दुपट्ट्यावर पावसाचे थेंब, चपला चिखलाने जड. घरची टोळी बांधीत उतरायच्या वेळेला ते पहिली बस पकडून मुर्रीला आले होते. मी च्या विचारला.

"नको जी मॅडम," ते म्हणाले. या वेळी आवाज इतका खाली होता की मला वाकावं लागलं. "धुऱ्यावर बसलो."

डॉक्टर बॅग घेऊन घाईने बाहेर आले, त्यांना ओलांडून जायला लागले आणि थांबले. काय झालं, गुडघा का, म्हणाले. गुडघा नाही. मग चिडले. पेशंट खोळंबलेत, तुमची रोवणी चालू आहे, हा काय पोरखेळ. सगळं बोलून झालं. काका चिखलाळलेले पाय जवळ घेऊन तसेच बसून राहिले. शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावलं.

मग काकांनी मान वर करून विचारलं, "आमचा गुत्ता तुमच्यापाशी आहे डॉक्टरसाहेब. तुमचा कोणापाशी आहे?"

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर खडखडत गेला. मग डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली आणि काकांच्या शेजारी पायरीवर बसले. मी आतून गोळी आणि पाण्याचा पेला आणला. त्यांनी गोळी घेतली. काका त्यांच्या घशाकडे बघत होते, ती खाली उतरेपर्यंत.

"हं," बिसेनकाका माझ्याकडे वळून म्हणाले, "आता आणा जी च्या."